घोड्याचा हिशेब आणि स्वाराचा

मे 2023 मध्ये बिकानेर येथील अश्व संशोधन केंद्रात भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी जातीचे शिंगरू जन्मले. अशा रीतीने जन्मलेले या जातीचे हे देशातील पहिलेच. त्याचे नाव राज-प्रथमा. काळजीचे कारण उघड होते: 2012 ते 2019 या काळात देशातील घोडे सव्वासहा लाखांवरून 3.4 लाखांवर आले.

मारवाडी घोड्याचे कौतुक त्याच्या रेवाल चालीसाठीही होते. या चालीत पाठ फारशी उसळत नाही. स्वाराला कोस जाणवत नाहीत. पण स्वाराचे सुख म्हणजे घोड्याची बचत, असे कुठे आहे?

हॉइट आणि टेलर यांनी 1981 मध्ये तीन लहान घोड्यांना धावपट्ट्यावर चालवून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला. संथ चाल, दुडकी आणि चौखूर, प्रत्येकीचा एक स्वस्त वेग निघाला. त्याहून हळू किंवा जलद गेले की दर मीटरचा खर्च वाढे. विशेष म्हणजे तिन्ही चालींचा किमान खर्च जवळपास सारखाच होता, आणि मोकळे सोडलेले घोडे आपण होऊन त्या स्वस्त वेगांच्या आसपासच राहत. रेवालला त्या आलेखात जागा नव्हती. त्या घोड्यांना ती चाल नव्हतीच.

दहा वर्षांनी फार्ली आणि टेलर यांनी या सुबक चित्राला तडा दिला. दुडकीतून चौखूर होताना घोडा काटकसर पाहत नाही. त्या वेगाला चौखूर धावणे उलट महाग पडते. तो पाहतो पायांवरचा ताण. हाडे आणि स्नायूबंध यांवरील भार एका मर्यादेला पोहोचला की तो चाल बदलतो. पाठीवर वजन लादले, तर तो बदल आणखी कमी वेगाला होतो. स्वार हेही वजनच, हे मात्र खोगिरावर बसल्यावर सहज विसरले जाते.

160 किलोमीटरच्या सहनशक्ती शर्यतीत हे विसरून चालत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर ठरलेल्या मुदतीत हृदयाचे ठोके मिनिटाला 64 पर्यंत उतरावे लागतात. ते उतरले, तरी तपासणी संपत नाही. खोगीर काढून, लगाम हाती धरून घोड्याला सपाट जमिनीवर दुडकीने पळवतात, कारण समतोल अशा या चालीत पायातील लंगड लपत नाही. पशुवैद्याला ती दिसली, की ठोके कितीही शांत असोत, घोडा बाद होतो.