वादळाला नाव ठेवताना

आमच्या घराण्यात नावं ठेवायला कुणी मागंपुढं पाहत नाही. लग्नाचं जेवण कितीही उत्तम झालेलं असो, आमची आत्या निदान मठ्ठ्याला तरी नाव ठेवल्याशिवाय पानावरून उठत नाही. परंतु वादळालासुद्धा नाव ठेवतात हे आम्हांला फार उशिरा कळलं. आमच्या लहानपणची वादळं बिचारी निनावी यायची आणि निनावीच जायची. 1948 च्या नोव्हेंबरात मुंबईला मोठं वादळ झालं, ते आत्यानं गिरगावातून पाहिलेलं. पण तिच्या लेखी ते 1948 चं वादळ नव्हेच. ते 'माझ्या कांजिण्यांतलं वादळ'.

पुढे 2004 पासून आपल्या बाजूच्या समुद्रांतल्या चक्रीवादळांचं रीतसर बारसं व्हायला लागलं. पहिली यादी संपत आली तेव्हा, एप्रिल 2020 मध्ये, नवी निघाली. 13 देश, प्रत्येकाची 13 नावं, एकूण 169. एवढी नावं आमच्या आत्यालासुद्धा एका बैठकीत ठेवता आली नसती. देशांची ओळ इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावलेली, म्हणून पहिला मान बांगलादेशाचा. आणि त्यांनी ठेवलेलं नाव कोणतं, तर 'निसर्ग'!

आता हे नाव कोकणातल्या माणसाला काही नवीन नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे ओटीवर पाय पसरून, आमचेच आंबे खात, "काय हो तुमच्याकडे निसर्ग!" म्हणतात, तोच हा. दरवर्षी माणसं निसर्ग बघायला आमच्याकडे येतात. 2020 साली माणसांना घराबाहेर पडायला बंदी होती, तेव्हा 3 जूनला, बुधवारी, निसर्गच आम्हांला बघायला आला.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. पुढे ओटी, मग पडवी, माजघर, वर मंगलोरी कौलं आणि मागे 14 गुंठ्यांची वाडी. वाडी म्हणजे झाडांची चाळच. वरच्या मजल्यावर नारळ, मधल्या मजल्यावर 212 पोफळी, त्यांच्या अंगाखांद्यावर मिरीचे वेल आणि तळमजल्यावर केळी. आमचे वडील, म्हणजे आप्पा, तेव्हा 82 वर्षांचे होते. त्यांची नातवंडांच्या नावांत गफलत व्हायची, पोफळींत कधी झाली नाही. अमकी तुझ्या मुंजीच्या वर्षीची, तमकी ताईच्या लग्नातली. आत्याचा धाकटा भाऊ शोभतो!

1994 मध्ये दादानं मागच्या बाजूला स्वयंपाकघर बांधलं, ते स्लॅबचं. आप्पा महिनाभर दादाशी बोलले नाहीत. "कौलाखाली माणूस राहतो, खोक्यात सामान ठेवतात," एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्या खोलीचं नाव 'खोका' पडलं आणि आप्पांनी तिथं 26 वर्षं पाऊल टाकलं नाही. चहा पडवीत, जेवण पडवीत. आई खोक्यातून पडवीत किती मैल चालली असेल, याचा हिशेब तिनं कुणाला दिला नाही.

मार्चात शाळा बंद झाल्या, तेव्हा चार दिवस म्हणून आम्ही सगळे गावी गेलो आणि जूनपर्यंत तिथंच अडकलो. एकंदर 11 माणसं. त्यांत पुण्याचे भावजीही होते. ते संगणकाच्या कंपनीतले. मोबाइलला रेंज विहिरीच्या काठावरच यायची, म्हणून ते दिवसभर रहाटाला टेकून साहेबाशी इंग्रजीत बोलत. 2 जूनला त्यांनी आम्हांला मोबाइलवर एक रंगीत गरगरणारं चित्र दाखवलं. आत्यानं ते चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "चकली बरी पडलीय, काटा नाही आला."

ती चकली आमच्याकडेच येणार हे नक्की झाल्यावर घरात धावपळ उडाली. प्रत्येकाला काही ना काही वाचवायचं होतं. आईनं लोणच्याच्या बरण्या खोक्यात नेल्या. वहिनीनं जमिनीचे कागद नेले. दादानं मोटरसायकल माजघरात आणून देवासमोर उभी केली. भावजींनी लॅपटॉप एकात एक अशा तीन पिशव्यांत घातला. मुलांनी कॅरमबोर्ड घेतला. आत्याची पिशवी तयारच होती. ती तिनं शेवटच्या प्रवासासाठी दहा वर्षांपूर्वीच भरून ठेवलेली आहे: गंगाजल, तुळशीची माळ, नवं लुगडं आणि खडीसाखर. "खडीसाखर कशाला?" असं विचारलं, तर म्हणते, "वाटेत तोंड कोरडं पडलं तर?"

आप्पांनी काहीच आणलं नाही. ते संध्याकाळी काठी घेऊन वाडीतून दोनदा फिरून आले. त्यांना जे वाचवायचं होतं, ते आत आणता येण्यासारखं नव्हतं.

सकाळी गावातून जीप फिरली. पत्र्याच्या घरांतल्या लोकांनी पक्क्या इमारतीत जावं, अशी दवंडी झाली. खालच्या आळीतली 12 माणसं आमच्याकडे आली. खोका 12 फूट बाय 14 फूट. माणसामाणसांत सहा फुटांचं अंतर ठेवा, असं तेव्हा सरकारपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगत होते. त्या हिशेबानं आत सहा-सात माणसं मावायला हरकत नव्हती. आम्ही 23 होतो. तोंडाला मात्र प्रत्येकानं फडकं बांधलं होतं. खालच्या आळीतल्या आजी तर पदर नाकावर घट्ट धरून आईच्या मांडीवरच बसल्या होत्या.

आप्पा ओटीवर. अकराच्या सुमाराला पहिलं कौल उडालं. मग कौलं उडताना कुणी मोजेना. दादानं विनवलं, आई रडली, भावजींनी वाऱ्याचा वेग सांगितला. आप्पा ढिम्म. "मी नाही यायचा त्या खोक्यात."

शेवटी आत्या दारात उभी राहिली आणि ओरडली, "बाळ्या, आत ये! मरायचं तर माझ्यामागून. नंबर माझा आहे, पिशवी भरलीय मी!"

82 वर्षांचा बाळ्या मुकाट्यानं उठून आत आला.

दार लावलं. दाराला पाटा लावला, पाट्याला दादा आणि दादाला भावजी. त्यानंतर जे काही झालं ते आम्ही पाहिलं नाही, ऐकलं. ताशी 100 किलोमीटरच्या वरचा वारा म्हणजे नुसता मोठा वारा नव्हे. तो घोंगावत नाही, एकसुरात किंचाळतो, आणि मधे श्वास घ्यायला थांबत नाही. आईनं रामरक्षा सुरू केली. देव न मानणारे भावजी दुसऱ्या आवर्तनाला तीत सामील झाले, आणि त्यांचे उच्चार आमच्यापेक्षा शुद्ध निघाले.

आप्पा भिंतीला कान लावून बसले होते. नारळ पडला की जमीन हादरते. पोफळ सडपातळ, ती मधेच कडकन मोडते. आप्पा हळूच म्हणत, "ही विहिरीजवळची." थोड्या वेळानं, "ही पाटाच्या कडेची." मग, "ही माझ्या वडिलांनी लावलेली." बोटांवर मोजत होते. पुढे बोटं मोडायची राहिली आणि ते नुसते ऐकायला लागले.

तेव्हा आमची सहा वर्षांची धाकटी त्यांच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही दमलात ना? आता मी मोजते." तिनं एकपासून सुरुवात केली. बाहेर कडकन झालं की एक बोट उघडायची. बोटं संपली की आजोबांची घ्यायची. तेरा झाली, आणि पुढच्या आवाजाला ती म्हणाली, "पंधरा."

"चौदा राहिली गं," आप्पा म्हणाले.

"हो, राहिली. ती नाही पडली."

आप्पांनी तिची चूक सुधारली नाही.

दुपारी वाऱ्यानं बाजू बदलली. आपल्या गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. त्यामुळे वादळ किनाऱ्याला लागताना वारा आधी डोंगराकडून येतो आणि ते पुढे सरकलं की समुद्राकडून. सकाळभर एका बाजूचा मार सोसून ज्या झाडांनी मुळं घट्ट धरून ठेवली होती, त्यांना आता दुसरीकडून हिसका बसला. आमची बरीच झाडं त्या दुसऱ्या फेरीत गेली.

संध्याकाळी दार उघडलं तर समोर समुद्र! आमच्या घरातून समुद्र दिसतो हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. भावजी "सी व्ह्यू" असं म्हणायला गेले आणि 'सी'वरच थांबले. 212 पोफळींपैकी 32 उभ्या होत्या. आप्पा खोक्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "ऊन फार आलंय." तेवढंच.

वीज आली ती जुलैत. मोबाइल मेल्यामुळे भावजींच्या साहेबाला पहिल्यांदाच कळलं, की भावजींवाचूनही कंपनी चालते. ताडपत्री आणि पत्रे यांचा भाव सोन्यासारखा रोज विचारावा लागे. आणि वादळानंतर दोनच दिवसांनी, 5 जूनला, वटपौर्णिमा! पारावरचा वड रस्त्यावर आडवा पडलेला. गावातल्या बायका पूजेची ताटं घेऊन आल्या आणि दोरा हातात धरून विचार करत उभ्या राहिल्या, की आडव्या वडाला फेरी मारायची कशी? एक वळसा म्हणजे निम्मी आळी. आत्या पडवीतून म्हणाली, "सात जन्म मागताय खऱ्या, आधी ह्याच जन्मातली कौलं मागून घ्या!" चार दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं.

पुढे पंचनामे झाले. फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये मदत जाहीर झाली होती. हेक्टरात गुंठे 100 आणि आमचे 14, म्हणजे 7 हजार. पुढे झाडामागे हिशेब आला: नारळाला 250 रुपये, पोफळीला 50. आमच्या 180 पोफळींचे झाले 9 हजार. पंचनाम्याला आलेला मुलगा पोरसवदा होता. आप्पांनी त्याला विचारलं, "पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. ती वर्षं कुठल्या रकान्यात लिहिलीत?" तो कागद उलटसुलट करून म्हणाला, "तसा रकाना नाही, आजोबा." आणि आपण होऊन अर्धा दिवस थांबून त्यानं दादाला ओंडके ओढू लागले.

दादा व्यवहारी. तो म्हणाला, "आप्पा, आता समुद्र दिसतोच आहे. मोकळ्या जागेत पाहुण्यांसाठी चार खोल्या काढू." तसं पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. ब्याऐंशीव्या वर्षी पोफळ लावून तिची सुपारी कुणी खायची? आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पडलेल्या झाडांखाली आपोआप रुजलेली रोपं ते एकेक करून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरत होते.

पण पोफळीचं रोप मोठं नाजूक. कोवळेपणी त्याला ऊन सोसत नाही. आधी केळी लावायच्या, त्यांची सावली झाली की मग रोप जमिनीत. वाडीत तेव्हा सावली म्हणून एकच उरली होती, खोक्याची. आप्पांनी त्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि 140 पिशव्या तिच्या कडेला ओळीनं मांडल्या. मग त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. ते खिडकीतून बरं पडे. खिडकी आतून. अशा रीतीनं आप्पा खोक्यात बसून चहा प्यायला लागले. आईची पायपीट 26 वर्षांनी थांबली. दादानं खोल्यांचा विषय पुन्हा काढला नाही. तो मुकाट्यानं केळीचे मुनवे लावायला लागला.

2021 च्या मे महिन्यात पुन्हा वादळाची बातमी आली. पुन्हा शाळा बंद, पुन्हा आम्ही सगळे गावी. ह्या वेळचं नाव 'तौक्ते', ठेवणारा देश म्यानमार, अर्थ पाल. "पालीला काय भ्यायचंय!" असं म्हणून आत्यानं पिशवी मात्र उशाशी घेतली. वादळ किनाऱ्यापासून दुरून गुजरातकडे जाणार होतं, पण वाऱ्याचा तडाखा बसणारच होता. आम्ही आप्पांना खोक्यात न्यायला कोण समजावणार याची चर्चा करत होतो, एवढ्यात धाकटी धावत आली. आप्पा केव्हाच आत गेले होते. बरोबर 140 पिशव्या. ओट्यावर, शेगडीभोवती, बरण्यांमध्ये, फ्रीजवर, जमिनीवर, सगळीकडे रोपं. पाय ठेवायला जागा नाही. मधोमध पाटावर आप्पा.

"अहो आप्पा, आणि आम्ही कुठं बसायचं?" दादानं विचारलं.

"पडवीत बसा," आप्पा म्हणाले. "तुम्ही मोठी माणसं. तुम्हांला काय होतंय?"