तीन बंदुका

दिवाळीत आमचा धाकटा टिकल्यांचे पिस्तूल उडवू लागला की मी त्याला हटकतो, “माणसावर रोखायचं नाही!” सौ. हसते. म्हणते, “अहो, खेळण्यातलं आहे ते!” असेल. बंदूकवाल्याच्या घरात हा नियम खेळण्यालाही लागू असतो.

होय, मी बंदूकवाला आहे. मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला हे शोभत नाही, असे पुष्कळांचे मत आहे. पण कोकणात रानाला लागून शेत असले की बंदूकही कोयत्यासारखीच एक घरातली वस्तू होऊन बसते. २०१९ पर्यंत माझ्याकडे तीन होत्या. एक आजोबांची ठासणीची. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग छरे. गजाने ठासायचे, केप बसवायची आणि देवाचे नाव घ्यायचे! १९७२ चा वन्यजीव कायदा येईपर्यंत आजोबांनी तिने डुकरे मारली. दुसरी अण्णांची बारा बोअरची दुनळी. या ‘बारा’चा अर्थ पुष्कळ मालकांनाही ठाऊक नसतो. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचे वजन एक पौंड भरते. तिसरी माझी, पॉइंट बावीसची रायफल. एका कादंबरीच्या मानधनातून घेतलेली.

बंदूक घेणाऱ्याने नक्षी पाहू नये. डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. माशी आपोआप नजरेसमोर आली, तर ती बंदूक आपली. नुसता संग्रह करणाऱ्यांचे मला कौतुक नाही. भिंतीवरची बंदूक गंजते आणि मालकाचा हातही.

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. तीनऐवजी दोनच ठेवायच्या, जास्तीची वर्षाच्या आत जमा करायची. कोणती द्यावी? रायफल सर्वांत नेमकी, ठासणीची सर्वांत जुनी. दुनळीचा दस्ता तडकलेला. मित्र म्हणाले, “मास्तर, तीच देऊन टाका.”

मी दहा वर्षांचा होतो. भात पिकले होते. अण्णांबरोबर माळ्यावर राखणीला गेलो होतो. मध्यरात्री त्यांना डुलकी लागली तेव्हा मी लघवीला खाली उतरलो आणि परतताना अंधारात भातात शिरलो. सळसळ झाली. एरवी हवेत बार काढायची अण्णांची रीत. पण त्या वर्षी डुकरांनी अर्धे शेत लोळवले होते. त्यांनी नळी खाली रोखली. इतक्यात माझा पाय चिखलात रुतला आणि मी “आई गं!” म्हणालो.

बार झाला नाही. अण्णांनी काडतुसे काढली आणि बंदूक माळ्यावरून खाली फेकली. दस्ता तडकला तो तेव्हा. मला पोटाशी धरून ते सकाळपर्यंत बसून राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. पुढे मरेपर्यंत त्यांनी ती बंदूक आकाशाखेरीज कशावरही रोखली नाही. आईला त्यांनी हे कधी सांगितले नाही, मीही नाही.

मी रायफल जमा केली. दुकानदाराने दोनदा विचारले, “नक्की हीच?”

यंदा दिवाळीच्या साफसफाईत दुनळी पुसायला काढली. धाकटा तेलाची चिंधी घेऊन शेजारी बसला. दस्त्यावरून बोट फिरवत म्हणाला, “बाबा, हा कशानं तडकला?”

“पडली होती.”

“कुणाच्या हातून?”

तोही आता दहा वर्षांचा आहे. मी चिंधी खाली ठेवली आणि त्याला जवळ घेतले.