मोडतोडीची वही

आमच्या घराण्यात वस्तू वापरण्यापेक्षा ती जपण्याकडे ओढा फार. नवी छत्री पहिल्या पावसात काढायची नाही, ती भिजेल. पाहुण्यांसाठी आणलेल्या कपबश्या पाहुण्यांना द्यायच्या नाहीत, ते फोडतील. असे आमचे शास्त्र. अशा घरात माझ्या पुतणीचा जन्म व्हावा हे एक नवलच म्हणायचे. ती इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि गेले तीन आठवडे स्वतःच्या हातांनी बनवलेली गाडी स्वतःच्याच हातांनी मोडण्याचा तिचा उद्योग चालू आहे.

गाडी म्हणजे माणसे बसतील अशी नव्हे. हातभर लांब, दोनेक किलो वजनाची, दूर उभे राहून रिमोटने चालवायची. दगडधोंडे, चिखल, खाचखळगे यांतून धावण्यासाठीच तिचा अवतार. चौघा विद्यार्थ्यांनी खाऊचे आणि शिकवण्यांचे पैसे साठवून ती उभी केली. मोटर, बॅटरी, शॉकअप विकत आणले. सांगाडा आणि चाकांना धरणारे हात मात्र पुतणीने थ्री-डी प्रिंटरवर, प्लॅस्टिकच्या थरावर थर देऊन घडवले. जानेवारीत स्पर्धा आहे. आणि गाडी एकच आहे.

परीक्षेची तऱ्हा अशी : गाडी एक मीटर उंचीवरून अंगणातल्या फरशीवर सोडायची, प्रत्येक चाकावर २५ वेळा. काय मोडले ते वहीत लिहायचे. मला हा निव्वळ दुष्टपणा वाटे. "अगं, हळू तरी सोड!" असे मी म्हणालो, तर तिने हिशेबच मांडला. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या घरात असतो. "शर्यतीत हळू कोण पाडणार आहे, काका?"

१७ व्या पाडणीला पुढचा डावा हात तुटला. धक्का तोच, उंची तीच. सोळा वेळा सोसले ते सतराव्या वेळी का सोसू नये? प्रशियातल्या रेल्वेचा इंजिनियर ऑगस्ट वोलर यालाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असाच प्रश्न पडला होता. आगगाडीच्या चाकांचे आस एका दणक्याने मोडण्याजोगे नव्हते, तरी पुष्कळ धावल्यावर अवचित मोडत. त्याने ते यंत्रावर फिरवून फिरवून वाकवले, आणि एकदा सहज पेलणारा भार असंख्य वेळा आला की लोखंडही थकते हे दाखवून दिले. लोखंड थकते! साठी उलटलेल्या माणसाला हे ऐकून किती बरे वाटते, ते तरुण वाचकांना कळायचे नाही.

मी हळहळत होतो; पुतणी मात्र तुटका तुकडा उजेडात धरून जवाहिऱ्यासारखी निरखत होती. तडा दोन थरांच्या मधून सरळ गेला होता. हात उभा छापल्यामुळे थर त्याला आडवे पडले होते, आणि प्रत्येक धक्का ते उकलू पाहत होता. तिने तोच हात निजवून छापला. थर लांबीच्या दिशेने गेले. काटकोनी कोपरा गोल केला, कारण ताण साठतो तो अशा कोपऱ्यातच. प्लॅस्टिक तेच, पण नवा हात पंचवीसही पाडण्यांना पुरून उरला.

"आता पुरे. रंग देऊन ठेवून देऊ," असे तिचा एक सोबती म्हणाला. मुलगा मला फार समंजस वाटला. उरल्यासुरल्या पैशांत आणखी एक मोटर येणार नव्हती. दोघांचे चांगलेच वाजले, आणि चहा तसाच निवला. अखेर तिने गाडी मागच्या खडीवर सलग वीस मिनिटे पळवली. अठराव्या मिनिटाला खर्रर्र असा आवाज झाला. मोटर तापून तिची प्लॅस्टिकची बैठक मऊ पडली होती. हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपासच नरमते. मोटर कलली आणि गिअरचे दाते सुटले. स्पर्धेची शर्यत अर्ध्या तासाची आहे. समंजस मुलगा काही न बोलता ॲल्युमिनियमची पट्टी आणायला सायकलवरून गेला.

दिवाळीला आठ दिवस उरले तशी गल्लीतली पोरे किल्ल्यासाठी माती घेऊन आली. उरलेल्या मातीचा आणि विटांचा त्यांनी गाडीसाठी घाट बांधला. असा निर्दय घाट कोणत्याही परीक्षकाला सुचला नसता. गाडी माथ्यावरून उडाली ती थेट तुळशी वृंदावनावर. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पुतणी हसत होती : सुकाणू फिरवणारी नाजूक मोटर शाबूत होती, कारण तिच्या आणि चाकांच्या मधे धक्का पोटात घेणारी स्प्रिंग बसवली होती. उजवा हात तेवढा गेला होता.

आज घरात चकल्यांचा घाणा चालू आहे आणि पुतणीच्या खोलीत प्रिंटरची गुणगुण. तिला आईने तळणीला बसवले आहे. पहिला थर नीट चिकटतो की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. स्वयंपाकघरातून दर दोन मिनिटांनी हाक येते, "चिकटला का हो काका?"

चिकटला आहे.