वाळणारा हात आणि मागच्या जन्माचं पाप



माझ्या मामेभावाचा उजवा पंजा सतराव्या वर्षी वाळू लागला. बोटं थरथरायची, थंडीत शर्टाचं बटण लागायचं नाही. सांगलीकडच्या आमच्या वस्तीनं ठरवलं, करणी. देवऋषी, अंगारे यांत दीड वर्ष गेलं. शेवटी मिरजेत मानेचा एमआरआय झाला आणि नाव कळलं: हिरायामा आजार.

जपानच्या डॉ. हिरायामांनी 1959 साली तो मांडला. बहुतेक वेळा पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांना होतो. मान वाकली की मज्जारज्जू दाबला जातो आणि हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. काही वर्षांनी आजार बहुधा थांबतो, पण गेलेलं बळ सहसा परत येत नाही. म्हणून मानेचा पट्टा लवकर लागतो. आमचं दीड वर्ष तिथंच वाया गेलं.

"मागच्या जन्माचं पाप," असं म्हणणारे आपलेच होते. मित्रांनो, याच युक्तिवादानं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं. जात पापानं मिळत नाही, तर आजार कसा मिळेल? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकले. साताऱ्याच्याच डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. तरी आपल्या वस्तीत अंगारा चालतो!

वस्तीत कुणाचा एकच हात किंवा पाय बारीक होताना दिसला, तर त्याला थेट मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरकडे न्या. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं, तर दाखला काढा. 2016 च्या कायद्यानं सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखीव आहेत. ही दया नाही, हक्क आहे.