डाग कुणाचा?

चित्रातला डाग पुसण्याआधी तो कुणाचा हे ठरवावं लागतं. आकाशाची छायाचित्रं काढणाऱ्याचा बराचसा वेळ या एकाच पंचायतीत जातो. गोंदियाजवळच्या मुर्रीतून मृगातला तेजोमेघ टिपायला बसलं की त्याच्यासोबत न बोलावलेलेही बरेच जण चित्रात येतात. सेन्सरची उष्णता येते, दुर्बिणीच्या नळीतली धूळ येते, भिंगाच्या कडेची अंधारी येते, गोंदिया शहराचा उजेड येतो. या सगळ्यांच्या गर्दीत सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरून आलेला प्रकाश शोधायचा असतो.

सगळ्यांत सरळ स्वभावाचा डाग उष्णतेचा. शीतयंत्र नसलेल्या साध्या कॅमेऱ्यात अंधारातही सेन्सरवर विद्युतभार साठत राहतो, आणि तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. म्हणून झाकण लावून, तेवढेच सेकंद, तेवढाच आयएसओ ठेवून ‘डार्क’ फ्रेम घ्यायच्या आणि मूळ चित्रांतून वजा करायच्या. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. पण विदर्भातल्या थंडीचा नीचांक हिवाळ्यात अनेकदा गोंदियाच्या नावावर लागतो. संध्याकाळी नुसत्या शर्टावर बाहेर बसलेला माणूस पहाटे शेकोटी शोधतो, आणि कॅमेराही तेवढाच गार होतो. पहाटेच्या डार्क संध्याकाळच्या चित्रांना लावल्या तर वजाबाकी अपुरी पडते आणि लाल-निळे ठिपके शिल्लक राहतात. उलट डार्क जास्त गरम असल्या तर ठिपक्यांच्या जागी काळी छिद्रं पडतात. ठिपका की छिद्र, एवढं पाहिलं तरी चूक कुठल्या बाजूची ते कळतं. मी डार्क रात्रभर विभागून घेतो आणि फाइलीत नोंदलेलं तापमान पाहूनच त्यांच्या जोड्या लावतो.

दुसरा डाग तिरक्या पावसासारखा दिसतो, सगळ्या चित्रभर एकाच दिशेच्या बारीक रेघा. याचं मूळ ध्रुवाशी असतं. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेएकवीस अंश वर. गावात एखादं मोहाचं झाड किंवा घराचं छप्पर त्याला सहज झाकतं. मग दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखला जात नाही आणि तारे फ्रेमगणिक एकाच दिशेला थोडे थोडे सरकतात. सॉफ्टवेअर तारे जुळवून चित्रं एकावर एक रचतं, तेव्हा जागेवर असलेला सेन्सरचा कचरा उलट्या दिशेने ओढला जातो. यावर डार्क वाढवून फारसा उपयोग होत नाही. दर काही फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम थोडी इकडेतिकडे हलवायची, कुठल्याही ठरावीक क्रमाशिवाय. मग कचरा एका जागी साठत नाही आणि सरासरीत विरून जातो.

धुळीचा डाग मात्र गणिताला बसतो. धानाच्या मळणीच्या दिवसांत इथली हवा भुशाने भरलेली असते आणि लेन्सला झाकण लावेपर्यंत कण आत शिरलेला असतो. परावर्तक दुर्बिणीत त्याची सावली कड्यासारखी पडते. कड्याचा व्यास पिक्सेलमध्ये मोजायचा, त्याला पिक्सेलच्या आकाराने आणि दुर्बिणीच्या एफ-अंकाने गुणायचं, की कण सेन्सरपासून किती दूर आहे ते निघतं. पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, दुर्बीण एफ/५ची आणि कडं १०० पिक्सेलचं असेल तर कण सुमारे दोन मिलिमीटरवर, म्हणजे सेन्सरसमोरच्या काचेवरच बसलाय. कडं ८०० पिक्सेलचं असेल तर तो सतरा मिलिमीटरवर, पुढच्या कुठल्यातरी काचेवर. ब्रश कुठे फिरवायचा हे दुर्बीण न उघडता समजतं.

ब्रश फिरवायला वेळ नसेल तर ‘फ्लॅट’ आहेत. नळीच्या तोंडावर पांढरं सुती कापड दुहेरी ताणून, उजाडत्या आकाशाकडे रोखून घेतलेल्या फ्रेम. त्यांनी मूळ चित्राला भागलं की कडेची अंधारी आणि धुळीची कडी जातात. कधी मात्र काळ्या कड्यांच्या जागी पांढरी कडी उगवतात, कोपरे उजळतात. तेव्हा लोक फ्लॅटला दोष देतात आणि नव्याने घ्यायला धावतात. बहुतेक वेळा फ्लॅट निर्दोष असतो. मूळ चित्रातून डार्क किंवा बायस वजाच झालेला नसतो, आणि बायस म्हणजे सेन्सरने आपल्या पदरचा घातलेला ठरावीक आकडा, तोही फ्लॅटने भागला जातो. आधी वजाबाकी, मग भागाकार. हा क्रम पाळला की पांढरी कडी जातात. कापड धुवायची गरज पडत नाही.

इतकं करूनही चित्राचा एक कोपरा नारिंगी राहतो. आता संशयित तीन. मी कॅमेरा नळीत नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा चित्र घेतो. डाग कॅमेऱ्यासोबत फिरला तर कॅमेऱ्याचा, नळीला धरून राहिला तर भिंग-आरशाचा. दोन्हींना न जुमानता शहराच्या अंगालाच राहिला तर तो गोंदियाच्या दिव्यांचा. हा शेवटचा फ्लॅटने जाणारच नाही, कारण तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे, आकाशातून खरोखर आलेला प्रकाश आहे. त्याला सिरिलसारख्या सॉफ्टवेअरमधून पार्श्वभूमीचा उतार काढून वजा करावं लागतं.

आणि इथेच हात आवरावा लागतो. चौथी शक्यता उरतेच: डाग ताऱ्यांसोबत सरकत असेल तर तो डाग नव्हे. मृगाभोवतीचं बर्नार्डचं वलय इतकं फिकट आणि पसरट आहे की उतार काढणारं सॉफ्टवेअर त्याला शहराचा उजेड समजून गिळून टाकतं. हा पेच जुनाच आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ ॲनी माउंडर यांनी आपल्याच विदर्भातल्या तळणीहून, दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाची तोवरची सर्वांत लांब शलाका टिपली. काचेच्या प्लेटवर अशी फिकट रेघ उमटली की ती सूर्याची की प्लेटची, हा प्रश्न तेव्हाही होताच. अलीकडचं उदाहरण देवयानी दीर्घिकेचं. आकाशात सर्वाधिक छायाचित्रं निघालेल्या वस्तूंपैकी ती एक. तरी तिच्या शेजारचा ऑक्सिजनचा प्रचंड निळसर कंस २०२२ मध्ये हौशी छायाचित्रकारांनाच सापडला आणि जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाला. शंभराहून अधिक तासांचं चित्रण त्यामागे होतं. आधी त्यांनाही तो दोषच वाटू शकला असता. वेगवेगळ्या दुर्बिणींतून तो त्याच जागी दिसला, तेव्हा तो आकाशाचा ठरला.

म्हणून माझा नियम एकच: जे वेगळं मोजता आलं तेच वजा करायचं. उष्णता मोजली, ती काढली. धूळ मोजली, ती काढली. शहराचा उजेड तेवढा अपवाद: तो वेगळा मोजता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. म्हणून तो शेवटी, हलक्या हाताने, आणि काढलेला उतार वेगळ्या फाइलीत ठेवून. त्या फाइलीत तेजोमेघाचा आकार दिसू लागला तर आपण खरा प्रकाश फेकून दिला हे लगेच कळतं.

शेजारचे काका चित्र पाहून विचारतात, “भाऊ, हा लाल रंग खरा आहे का तुम्हीच भरून राहिले?” तो हायड्रोजनचा रंग, ६५६.३ नॅनोमीटरचा, इतक्या मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही म्हणून दुर्बिणीतून तो करडा दिसतो. रंग मी वाढवलाय, घातलेला नाही. काय काय काढलं ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर दाखवायला सगळ्या फाइली ठेवल्या आहेत, कारण चित्र खरं की खोटं हे माझ्या मते तिथेच ठरतं.