धुळ्याच्या वरातीत सापडलेला ‘ध’

पाच वर्षं मी गिटारवर रॉकाबिली घासतोय. एल्विसच्या १९५४ च्या ‘दॅट्स ऑल राइट’मधली स्कॉटी मूरची गिटार तोंडपाठ, पण स्वतःचं काही वाजवायला गेलं की सगळं कोरडं ठाक. गेल्या महिन्यात वैतागून बँड सोडला आणि मावसभावाच्या लग्नाला जळगाव गाठलं. गिटार सवयीने सोबत.

जळगावात भरीत-भाकरी, मग वऱ्हाडाच्या बसने पारोळामार्गे धुळे. (तिथल्या शेवभाजीने डोळ्यांतून पाणी काढलं, ते वेगळंच!)

वरातीत बेंजो सुरू झाला. आपला बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, बरं का! गाणं ‘ईना मीना डीका’, सिनेमा ‘आशा’, साल १९५७. संगीतकार सी. रामचंद्र, आपल्या पुणतांब्याचे. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे जॅझवाले हाताशी घेऊन त्यांनी स्विंग थेट हिंदी सिनेमात आणला.

रात्री बेंजोवाल्या काकांसमोर गिटार काढली. ऐकून म्हणाले, ‘‘सा-ग-पवरच काय थांबतो? ध लाव ना भो!’’

लावला. सी-ई-जीवर ए. अरे, हा तर सिक्स्थ कॉर्ड! टेक्सासच्या बॉब विल्सचा वेस्टर्न स्विंग याच रंगाचा, आणि आपल्याकडे हेच सूर भूपात. मी कोमल ग वरून शुद्ध ग वर तार ओढली. काकांना बटणांवर घसरता येत नाही, त्यांनी दोन्ही ग झटक्यात ठोकले. तेच जास्त भारी वाटलं. मग मीही तसंच ठोकत बसलो.

तीन वाजता मांडववाल्याने दिवे घालवले. अंधारातच बँडमधल्या मित्राला मेसेज टाकला, ‘शनिवारी प्रॅक्टिस आहे का रे?’