सोनचिडिया आणि विजेची तार

अभ्यासाचा दिवा, पाण्याचा पंप, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातला पंखा, ही सारी विजेच्या तारेवर अवलंबून आहेत. परंतु हीच तार एखाद्या मुक्या जीवाचा बळी घेत असेल, तर त्याचा जाब कोणी द्यावा? या प्रश्नाने माझ्या मनात घर केले आहे.

महाराष्ट्रात ज्याला माळढोक म्हणतात, त्याला आमच्याकडे सोनचिडिया हे गोड नाव आहे. त्याच्यासाठी 1981 साली आमच्या जिल्ह्यात घाटीगाव येथे व शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे अभयारण्ये झाली. माझ्या आजोबांनी तरुणपणी करेऱ्याच्या माळावर तो पाहिला होता. त्याच्या ऐटदार चालीचे वर्णन करताना ते आजही रंगून जातात. मी मात्र तो चित्रातच पाहिला. शेती व वर्दळ वाढली, माळराने आटली आणि दोन्हीकडून पक्षी नाहीसा झाला. येथे दोष तारेचा नव्हता. पण राजस्थानात, जेथे तो मुख्यतः उरला आहे, तेथे तारच त्याची वैरीण झाली आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्यास वेळेवर दिसत नाही आणि जड देहामुळे ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते; म्हणून एका पक्ष्याची हानीही सहज भरून निघत नाही.

शिकाऱ्यास शासन करणारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. तार ओढणाऱ्याच्या हाती बंदूक नसते, मारण्याचा हेतूही नसतो. मग तो निर्दोष ठरतो काय? 1999 साली अमेरिकेतील कोलोरॅडोच्या न्यायालयाने, गरुडांच्या मृत्यूबद्दल खटला झालेल्या एका वीजसंस्थेचा हा बचाव मानला नाही. आपल्याकडे, 1972 च्या कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते श्री. एम. के. रणजितसिंह 2019 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने शक्य तेथे तारा जमिनीखाली नेण्याचा व पक्ष्यांना सावध करणाऱ्या चकत्या बसविण्याचा आदेश दिला. सौरविजेचीही देशाला निकड आहे, हे जाणून 2024 साली सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली गेली. डिसेंबर 2025 मध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारताना, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीत पर्यावरणाची जबाबदारीही येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

मला हा विचार पटतो. वाटेवर विहीर खणणाऱ्याची कोणी पडावे अशी इच्छा नसते. तरीही कठडा त्यानेच बांधावयाचा असतो. धोका ठाऊक नसेपर्यंत 'हेतू नव्हता' हे उत्तर चालेल. तो कळल्यावर मात्र उपाय न करणे ही हयगयच होय. त्या कठड्यासाठी आपल्या वीजबिलात चार पैसे वाढले, तर तेही आपण आनंदाने द्यावेत. कारण दिवा आपल्याच घरी लागतो. जबाबदारी वेळेवर ठरली नाही, तर अभयारण्याला पक्ष्याचे नाव तेवढे उरते, पक्षी उरत नाही, हे आम्हां ग्वाल्हेरकरांना घाटीगावने शिकविले आहे.